बांधावरची परीक्षा

भाईंदर स्थानकाबाहेर पश्चिमेला पडून उत्तनचा रस्ता धरला की बाजाराची गर्दी विरळ होत जाते आणि मुर्धा, राई, मोर्वा ही आगरी गावे लागतात. गाव म्हणण्यासारखे त्यात अजून बरेच उरले आहे. देवळापुढची मोकळी जागा आहे, एकमेकांना खेटलेली घरे आहेत आणि घरांच्या मागे अचानक मोकळे होणारे आभाळ आहे. त्या आभाळाखाली खारफुटी, खाजण आणि मिठागरांचे वाफे पसरले आहेत. १९८५ मध्ये आसपासच्या गावांची मिळून नगरपरिषद झाली, २००२ मध्ये तिची मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. दहिसरहून येणाऱ्या मेट्रो ९ ची कारशेड आधी याच तीन गावांच्या हद्दीत व्हायची होती. गावकरी विरोधात उभे राहिले आणि ती डोंगरीकडे सरकली. तिथेही झाडांवरून वाद पेटला. शहराला लागणारी प्रत्येक मोठी वस्तू शेवटी या किनारपट्टीतच जागा शोधत येते. उत्तनच्या धावगी डोंगरावरचा कचरा हा त्याचा सर्वांत उघडा नमुना.

कॉलेज मात्र या बाजूला सरकताना दिसत नाही. इथली मुले मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत जातात, वाणिज्य शिकतात, माहिती-तंत्रज्ञान शिकतात आणि त्यात काही वावगे नाही. पण उद्याच्या शिक्षणाविषयी लिहा, असे संपादकांनी सांगितल्यावर मुर्धा गावाकडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. समुद्राला बांध घालून भात पिकवणे, उन्हाच्या जोरावर मीठ काढणे, भरतीच्या अंदाजावर जाळे टाकणे, ही या पट्ट्यातल्या आगरी, कोळी आणि ख्रिस्ती गावांनी पिढ्यानुपिढ्या जोपासलेली विद्या आहे. तिच्यावर उभे राहिलेले पदवी देणारे कॉलेज इथे का असू नये? आज ते नाही. अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये अशी कॉलेजे उभी राहिली आहेत. आपल्याकडेही कोसबाड, तेजगढ, मेंढा अशा ठिकाणी त्या दिशेने अर्धी-पाऊण वाट चालून झाली आहे. ते सारे अनुभव शेजारी ठेवून पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. असे कॉलेज अभ्यासक्रमाच्या पुस्तकावर उभे राहत नाही. विद्यार्थ्याला पास-नापास करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ज्या जमिनीवर ती विद्या चालते ती जमीन जागेवर आहे का, या दोन उत्तरांवर त्याचे भवितव्य ठरते. इमारत, बोधचिन्ह, स्नेहसंमेलनातला आगरी-कोळी नाच, हे सगळे त्यानंतरचे.

तिथीची पाऊणपट

आधी ही विद्या म्हणजे नेमके काय ते जवळून पाहायला हवे, कारण 'पारंपरिक ज्ञान' म्हटले की डोळ्यांसमोर एकदम काढे आणि लोकगीते येतात. किनाऱ्यावरचा एक साधा हिशेब घ्या. आज भरती किती वाजता, हे कोळ्याला पंचांगातल्या तिथीवरून कळते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटे उशिरा येतो, म्हणून रोजची भरतीही तेवढी पुढे ढकलली जाते. हे खगोलशास्त्र या पाऊणपटीत अलगद बसलेले आहे. बंदराच्या छापील तक्त्यात मिनिटापर्यंत वेळ मिळते हे खरे. पण तक्ता बंदरापुरता बोलतो. खाडीत आत जावे तसे पाणी उशिरा चढते, वाटेत भराव पडला असेल तर आणखी वेगळे वागते, आणि आपल्या बांधाशी ते कधी पोचते हे तिथे वर्षानुवर्षे उभे राहिलेल्यालाच ठाऊक असते. त्याच हिशेबाला उधाण म्हणजे मोठी भरती आणि भांग म्हणजे मंद भरती जोडलेले आहेत. उत्तनच्या डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते, कारण हे जाळे एका जागी रोवलेले असते आणि मासळी प्रवाहाबरोबर त्यात शिरते. उधाणाला ओढ जोरात असते, तेव्हा कामाची धांदल. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आवरायचे.

खाजणाचे तंत्र याहून गुंतागुंतीचे आहे. भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलाचा बांध घालतात. त्या बांधात उघाडी असते. ओहोटीला तिची झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. भरती आली की समुद्राच्याच दाबाने ती मिटते. जून-जुलैच्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघते आणि मग भात उभा राहतो. सगळा खेळ बांध शाबूत राहण्यावर अवलंबून. खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपते, झिरपणे वेळेत दिसले नाही तर एका उधाणात खांड पडते आणि पुढची काही वर्षे शेत खारावते. त्यामुळे बांधावर नजर ठेवणे हे एकट्या शेतकऱ्याचे काम कधीच नव्हते. दुरुस्तीला कोणी किती माणसे द्यायची हे गावाने ठरवलेले असे. १९४८ च्या खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने बांधांच्या कामात सरकार उतरले. त्याचा फायदा झाला, पण बांध हा आपला असे समजणारी व्यवस्थाही त्याबरोबर सैल पडत गेली.

मिठागरात वेगळी नजर लागते. पावसाळ्यानंतर वाफ्यांची तळजमीन पायांनी तुडवून तुडवून टणक करावी लागते. ती भुसभुशीत राहिली तर मिठात चिखल येतो. मग खाडीचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवत, उन्हात आटवत न्यायचे. खारेपणा मोजायचे बोमे नावाचे माप आहे. समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे असते, पंचविसाच्या आसपास मीठ धरू लागते, आणि एकोणतीस-तीसच्या पुढे गेले की मॅग्नेशियमचे क्षार बसून मीठ कडू होते. तेव्हा उरलेले पाणी वेळेत काढून टाकायला हवे. मिठागरातला जुना माणूस हा क्षण पाण्याच्या रंगावरून आणि वाफ्याच्या तळाशी धरणाऱ्या खड्यांवरून ओळखतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराला बोमेमापी हातात घेऊन तेच सांगता येईल. दोघांना एका वाफ्याशी उभे केले तर दोघेही एकमेकांकडून शिकतील, आणि माझ्या कल्पनेतले कॉलेज नेमके तिथे सुरू होते.

ही विद्या प्रयोगशाळेत टिकते का, असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी भाताचे उदाहरण पुरेसे आहे. खाऱ्या जमिनीत तगणारा राता भात कोकणच्या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी निवडत निवडत टिकवला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यातूनच काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० या जाती निवडल्या. पुढे आलेल्या पनवेल-१ चा एक पूर्वज आयआर-८ आहे आणि दुसरा हा भुरा राता. शेतकऱ्याची निवड आणि शास्त्रज्ञाचा संकर यांतून एक उपयोगी बियाणे निघाले. फरक इतकाच, की संकर करणाऱ्याच्या हाती पदवी होती आणि निवड करणाऱ्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

कोसबाडची टेकडी, तेजगढ आणि मेंढा

पालघर वेगळा होण्याआधी मुर्धा आणि कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीजवळ नेले. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा. आज सबंध देशाला माहीत असलेली अंगणवाडीही याच प्रयोगातून आली. महागड्या परदेशी साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पाने अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी बालशिक्षण उभे राहू शकते, हे या दोघींनी दाखवून दिले. शिक्षणाने आपली जागा सोडून शिकणाऱ्याच्या जागी जायचे असते, हा कोसबाडचा धडा अजून जुना झालेला नाही. पण कोसबाडने जागा बदलली, साधने बदलली, तरी काय शिकण्यासारखे आहे हे ठरवणारे बाहेरूनच आले होते. वारली मूल शिकणारे होते. वारली म्हातारा शिकवणारा झाला नाही. त्या काळाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आज नवे कॉलेज काढणाऱ्याने मात्र तिथेच थांबणे परवडणारे नाही.

ते पुढचे पाऊल टाकण्याचा प्रयत्न भोरमध्ये जन्मलेल्या गणेश देवींनी गुजरातेत केला. बडोद्याचे इंग्रजीचे अध्यापन सोडून त्यांनी भाषा ही संस्था उभी केली आणि छोटा उदेपूर भागात तेजगढला आदिवासी अकादमी काढली. राठवा आणि इतर आदिवासी तरुणांनी आपल्याच समाजाच्या भाषा, कथा, चित्रे, औषधे यांची नोंद करायची आणि ती करता करता संशोधक व्हायचे, अशी तिथली रीत. तिथल्या वाचा या संग्रहालयात ज्यांच्या वस्तू मांडल्या आहेत, त्यांच्यातलेच तरुण ती मांडणी करत होते. इथे अभ्यासाचा विषय असणारा समाज अभ्यासक झाला, ही मोठी उडी होती. पदवीच्या बाजारात अशा अभ्यासक्रमाचे वजन किती, हा प्रश्न मात्र तेजगढलाही सुटला नाही.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात कोणी कॉलेज काढले नाही, तरी मला तो या तिन्हींतला सर्वांत पक्का नमुना वाटतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे हे गोंड गाव महाराष्ट्राला परिचित आहे. तिथे ग्रामसभेच्या बरोबरीने अभ्यासगट चालतात. एखादा विषय आला, समजा बांबू कसा आणि किती तोडावा, तर आधी तो अभ्यासगटात चर्चिला जातो. बाहेरचा तज्ज्ञ आला तर त्याचे ऐकले जाते, पण त्याला निर्णयाचा हक्क नसतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. अभ्यास चुकला तर नुकसान स्वतःच्या जंगलाचे आणि बरोबर निघाला तर बांबूचा पैसा गावाच्या खात्यात. असा परीक्षेचा निकाल कोणत्याही विद्यापीठाला लावता येणार नाही. मेंढ्याकडे पदव्या नाहीत, पण अधिकार आहे आणि जमीन आहे. मुर्धा गावाकडे पदव्या मिळवायची साधने भरपूर आहेत, उरलेल्या दोन्ही गोष्टी निसटत चालल्या आहेत.

गुण कोणी द्यायचे

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षणाच्या मागणीबरोबर शिक्षकाविषयी एक आग्रह होता. शिक्षक शेतकरी वर्गातून यावा, नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायची त्याला लाज वाटू नये. हा विचार पुढे आपल्या शिक्षणव्यवस्थेने गौरवग्रंथांत जपला आणि नेमणुकीच्या नियमांत विसरला. बांधाची खांड बुजवण्यात हयात घालवलेला माणूस आजच्या नियमांप्रमाणे अतिथी व्याख्याता म्हणून बोलावता येईल, त्याला शाल-श्रीफळ देता येईल, पण उत्तरपत्रिकेवर त्याची सही चालणार नाही. त्याचे ज्ञान वर्गात येते आणि निकाल मात्र दुसऱ्याच्या हातात राहतो. अशा कॉलेजात दोन-तीन वर्षांतच विद्यार्थी ओळखतात की खरा शिक्षक कोण आणि शोभेचा कोण, आणि ते त्याप्रमाणे वागू लागतात.

इथे एक फट आहे आणि ती वापरायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही नेमणूक मान्य केली. तिला औपचारिक पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव हवा. ज्या क्षेत्रांतून अशी माणसे घ्यावीत त्यांच्या यादीत पंचायत राज, पाणलोट, सेंद्रिय शेती हीही नावे आहेत. प्रत्यक्षात या जागांवर बहुतेक उद्योगातले निवृत्त अधिकारी दिसतील अशी माझी अटकळ आहे, पण नियम मिठागरातल्या मुकादमाला अडवत नाही. अडचण वेगळी आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त अशा नेमणुका करता येत नाहीत आणि त्यांची मुदतही मोजकीच असते. ज्या कॉलेजाचा गाभाच अनुभवी माणसांच्या हातात असायला हवा, त्याला दहा टक्के म्हणजे ताटाच्या कडेचे लोणचे. म्हणून मुर्धासारख्या ठिकाणी परीक्षक मंडळ वेगळे असावे लागेल. निम्मे सदस्य विद्यापीठाचे, निम्मे गावकीने पाठवलेले, आणि प्रात्यक्षिकाच्या विषयांत दोघांची सहमती असल्याशिवाय निकाल लागू नये.

२०२३ पासून भारतीय ज्ञानपरंपरेसाठी श्रेयांकांचा काही हिस्सा राखून ठेवावा, असेही आयोग सांगतो. मग वेगळे कॉलेज कशाला, असे कोणी म्हणेल. या धोरणातून गणित, ज्योतिष, आयुर्वेद, वास्तू यांचा ग्रंथांतला इतिहास वर्गात येतो, आणि तो यायलाही हवा. पण खाजणाच्या विद्येचा ग्रंथ नाही. जिथे संस्कृत श्लोक नाही तिथे परंपराच नाही, असा अर्थ काढला गेला तर हे धोरण आगरी-कोळ्यांना आणखी एकदा निरक्षर ठरवील. दोन श्रेयांकांच्या तासाला उघाडी कशी चालते ते फळ्यावर काढता येते, चालवता येत नाही.

नोकरीचे काय?

सर्वांत वजनदार आक्षेप गावातूनच येईल. मिठागरात बापाने पाय सोलवटून घेतले ते पोराने पुन्हा तेच करावे म्हणून? इथल्या मुलांना इंजिनिअर व्हायचे आहे, पोलिसात जायचे आहे, बँकेत बसायचे आहे. तुमच्या मुलांना आयआयटी आणि आमच्या मुलांना आजीबाईचा बटवा, हा संशय निराधार नाही. १९३७ मध्ये वर्ध्यात मांडलेली नयी तालीम नेमकी याच जागी अडली. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार उत्तम होता, पण बाकीच्यांची वाट शहरी शाळेतून पदवीकडे जात राहिली आणि ही वाट गरिबांच्या मुलांसाठी वेगळी राहिली. पालकांनी तो भेद चटकन ओळखला.

म्हणून जगातल्या टिकलेल्या उदाहरणांकडे पाहताना त्यांनी ही गाठ कशी सोडवली ते पाहावे. अमेरिकेतल्या नवाहो लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचे कॉलेज स्थापन केले आणि १९६९ च्या जानेवारीत उसन्या इमारतीत वर्ग भरवले. तेच आजचे दिने कॉलेज. कारभार नवाहो मंडळाकडे, भाषा आणि इतिहास नवाहो दृष्टीने, आणि त्याच वेळी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करता येईल असे गणित, विज्ञान, इंग्रजीचे विषयही. तिथे शिकलेल्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल तर तिचा रस्ता बंद होत नव्हता. त्यानंतर तिथे अशी तीसहून जास्त कॉलेजे झाली. न्यूझीलंडने माओरींच्या 'वानंगा' या संस्थांना शिक्षण कायद्यातच विद्यापीठांच्या शेजारी जागा दिली. त्यातल्या एका वानंगाचे विद्यार्थी इतक्या झपाट्याने वाढले की काही काळ ती देशातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली गेली, आणि २००५ च्या सुमारास पैशांच्या कारभारावरून तिथे सरकारला हस्तक्षेप करावा लागला. आपल्या लोकांची संस्था आहे म्हणून हिशेब आपोआप चोख राहत नाही, हेही तिच्याकडून शिकण्यासारखे.

मान्यतेला वेळ लागतो, याला घरचाच दाखला आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषेतून मिळालेल्या त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. १९२० मध्ये ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले, म्हणून ते जगले. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडले. मधली पस्तीस वर्षे मुली शिकल्या, त्या पदवीचा उपहास झाला, तरी मुली येत राहिल्या. मुर्धा गावातल्या कॉलेजाने पस्तीस वर्षे थांबावे असे मी म्हणणार नाही. पहिल्या दिवसापासून त्याची पदवी मुंबई विद्यापीठाचीच असावी. किनारी अभियांत्रिकी, मत्स्यविज्ञान, नगरनियोजन, पर्यावरण कायदा हे विषय त्यात पक्के असावेत. बुडण्याचा धोका वाढत चाललेल्या मुंबई महानगराला उघाडी, बांध आणि खारफुटी समजणारा अभियंता लागणारच आहे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाण्याआधी डोल जाळ्यावर बसलेला मुलगा तिथे दोन पावले पुढे असेल, मागे नव्हे. एवढे करूनही पहिल्या तुकड्यांना नोकरीत अडचण येईल, आणि ती येणारच नाही असे आश्वासन देणाऱ्या संस्थाचालकावर विश्वास ठेवू नये.

धवळारीण आणि उतरंड

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो फुले-आंबेडकरांच्या वाटेने येतो. परंपरेचे ज्ञान उचलले की परंपरेची उतरंडही तिच्या पाठोपाठ येते. मिठागराचे ठेकेदार कोण होते आणि पालघरच्या पाड्यांतून हंगामापुरते आलेले मजूर कोण होते? बांधावरचा निर्णय कोणत्या भावकीच्या शब्दाने होई आणि तिथे बायकांना बोलायची मुभा किती? हे प्रश्न बाजूला सारून 'आमची संस्कृती' म्हणून गळा काढणारे कॉलेज नसलेलेच बरे. शिवाय भूमिपुत्र कोण, यावरून किनारपट्टीत निवडणुका लढवल्या जातात. आगरी इतर मागासवर्गात मोडतात, वारली अनुसूचित जमातीत, उत्तन-डोंगरीचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणखी वेगळ्या इतिहासातून आलेले. प्रवेशाच्या दाराशी जातीचा दाखला तपासत बसले तर कॉलेज पहिल्याच वर्षी कोर्टात जाईल. प्रवेश सगळ्यांना खुला असावा, उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षाचालकाच्या मुलीलाही. शिकवण्याचा अधिकार मात्र ज्याने ते काम केले आहे त्याचा.

या निकषाने पाहिले की उतरंड थोडी हलते, आणि याचे उत्तम उदाहरण धवळारीण आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवळे गाणारी ही बाई नुसती गायिका नसते. हळदीपासून पुढचे विधी कोणत्या क्रमाने व्हायचे, कोणत्या वेळी कोणते गाणे, कोणत्या देवाला आधी बोलवायचे, हे सगळे तिच्या तोंडी असते. पोथी नाही, जानवे नाही, आणि तरी लग्न ती लावते. हळदीच्या रात्री डीजे आल्यापासून तिचा आवाज मांडवाच्या कोपऱ्यात गेला. तिला कॉलेजात प्राध्यापक म्हणून बसवायचे तर तिच्या बाईपणाची सोयिस्कर पूजा करून भागणार नाही. तिला मानधन द्यावे लागेल, तिने निवडलेल्या शिष्येला शिष्यवृत्ती द्यावी लागेल आणि ध्वनिमुद्रण झाले तर त्याचे हक्क तिच्याकडे ठेवावे लागतील. हळदीच्या पेटंटचा लढा आपण १९९७ मध्ये जिंकलो आणि माशेलकरांचे नाव घरोघरी पोचले. वारली चित्रकलेलाही पुढे भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. गावातल्या बाईचे गाणे तिच्या नावाशिवाय कोणाच्या प्रबंधात किंवा रिमिक्समध्ये जाते, तेव्हा मात्र आपण क्वचितच वकील शोधतो.

वर्गखोली कोणाच्या मालकीची

महाराष्ट्रात नवे कॉलेज काढायचे तर २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात त्या ठिकाणाची गरज नोंदलेली असावी लागते. मग इरादापत्र, मग मान्यता, आणि प्रत्येक पायरीला इमारत, ग्रंथालय, ठेव यांची विचारणा. या कागदांत वर्गखोलीचे क्षेत्रफळ विचारतात. खाजणाचे कोणी विचारत नाही. मुर्धा गावातल्या कॉलेजाची खरी प्रयोगशाळा मिठागर, बांध आणि खाडी ही आहे. मिठागरांच्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी केंद्राच्या मीठ आयुक्तालयाचा हक्क किंवा दावा असतो. खारफुटी वनविभागाकडे, किनारा सीआरझेडच्या नियमांत आणि उरलेली जमीन बिल्डरच्या नजरेत. २०२४ मध्ये मुंबईतल्या कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचे ठरले. मिठागर म्हणजे रिकामी जागा, ही समजूत आता सरकारी धोरण झाली आहे.

खारफुटीच्या कायद्यानेही एक विचित्र पेच उभा केला आहे. उच्च न्यायालयाने २००५ पासून खारफुटी तोडायला बंदी केली, ती योग्यच होती, नाहीतर भरावाने खाड्या केव्हाच बुजल्या असत्या. पण बांधाला खांड पडून शेतात समुद्राचे पाणी शिरले की काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. मग ती जमीन संरक्षित होते आणि बांध पुन्हा घालायला शेतकऱ्याला परवानगी मिळणे कठीण होते. रायगडच्या खारपट्ट्यात या कारणाने शेती गमावलेली गावे आहेत. कोणते खाजण शेतीचे होते, कोणती खारफुटी मूळची, हे सांगणारी नोंद सातबाऱ्यावर अपुरी असते. जुन्या माणसांच्या आठवणीत ती आहे. विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर बांधाबांधावरून फिरून नकाशा काढावा, उपग्रहाच्या जुन्या चित्रांशी ताडून पाहावा आणि तो न्यायालयात टिकेल इतका काटेकोर करावा. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. तो काहींना न आवडणारा असेल, हेही उघड आहे.

जमिनीची मालकी कॉलेजाला मिळणार नाही, आणि मिळावी असेही नाही. एखादे मिठागर आणि त्याला लागून असलेले खाजण दीर्घ मुदतीच्या कराराने गावकी, महापालिका आणि विद्यापीठ यांच्या संयुक्त ताब्यात राहावे, त्यावर भराव टाकता येऊ नये आणि बांधाची देखभाल अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चालावी, एवढी मागणी मात्र करता येते. कारशेड हलवण्याइतका जोर ज्या गावांत होता, त्यांना ही मागणी अशक्य वाटू नये. विकासाला विरोध करणारे गाव आणि विकास मागणारे गाव अशी वाटणी वर्तमानपत्रांना सोयीची असते. कारशेड नको म्हणणारा माणूस आपल्या मुलासाठी कॉलेज मागतो, त्यात कोणताही अंतर्विरोध नाही.

जूनमध्ये उघडणारे कॉलेज

अशा कॉलेजापुढची पहिली प्रत्यक्ष भांडणे तत्त्वाची नसतील, वेळापत्रकाची असतील. विद्यापीठाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा मार्च-एप्रिलला येतात. खाजणाचे वर्ष वेगळे आहे. पावसाआधी बांध आणि उघाडी तपासायची, पावसात भात, दिवाळीच्या सुमारास कापणी, त्यानंतर मिठागराची तळजमीन तुडवायची आणि डिसेंबर-जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मीठ. मासेमारी जून-जुलैत कायद्याने बंद, पुढे नारळी पौर्णिमेपासून तिला खरा जोर येतो. मीठ नेमके भरात असते त्या एप्रिलमध्ये विद्यार्थी परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेला असेल तर त्याने मिठागर शिकले असे म्हणता येणार नाही. म्हणून प्रात्यक्षिकाची परीक्षा एप्रिलमध्ये वाफ्यावरच घ्यावी लागेल, लेखी परीक्षा मासेमारीच्या बंदीत जून-जुलैला. उधाणाच्या दिवसांत तास ठेवायचे नाहीत, कारण शिकवणारेच कामावर असतील. परीक्षा विभागाचे पहिले उत्तर, इतर कॉलेजांच्या निकालांशी हे जुळणार नाही, असे येईल, आणि त्यांच्या बाजूने ते खरेही आहे. स्वायत्त महाविद्यालयाचा दर्जा मिळाला तर वेळापत्रक आणि परीक्षा स्वतः ठरवता येतात. तो दर्जा नव्या कॉलेजाला लगेच मिळत नाही. तोवर एखाद्या चालू कॉलेजाच्या आश्रयाने बांध आणि भरतीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करता येईल. त्याला इमारतही लागत नाही आणि बृहत् आराखड्याची वाटही पाहावी लागत नाही. पहिल्या परीक्षक मंडळावर मिठागरातला मुकादम, डोल जाळ्याचा तांडेल, धवळारीण आणि विद्यापीठाचे तीन प्राध्यापक असावेत, आणि त्यांची पहिली बैठक मार्चच्या आत व्हावी, कारण पाण्याचा रंग बदलायला लागतो तो त्याच सुमारास.